चुन्याची रेघ

टेंभुर्णीच्या शिवारात, पत्र्याच्या शेडात प्रभावतीनं रेशमाच्या अळ्या पाळल्या होत्या. चौथी कात टाकून झाली होती. आता आठवडाभर तुतीचा पाला पोटभर खाल्ला की अळ्या कोष विणणार. पण एप्रिलचं ऊन पत्र्यावर बसलं आणि दुपारी अळ्यांनी पाल्यावरून तोंडं फिरवली. दोन-तीन दिवस असंच गेलं असतं तर सगळी बॅच हातची गेली असती.

प्रभावतीनं घरातला कूलर आणून शेडाच्या मधोमध ठेवला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून पडदे पाडले, दार लावलं. तापमान-दमटपणा दाखवणाऱ्या मापकावर लक्ष ठेवायचं काम सातवीतल्या लेकीकडं, पायलकडं दिलं.

आधी तापमान उतरलं. पायल नाचलीच. तासाभरानं मात्र दमटपणा नव्वदीवर गेला आणि तापमानही पुन्हा चढू लागलं.

"पाणी कमी पडून राह्यलं त्याला," प्रभावती म्हणाली. "अजून दोन बादल्या आण, जल्दी!"

पायल हौदावर आली. तिथं सावलीला तिचे आजोबा, तातेराव मास्तर बसले होते. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं.

"आबा, कूलर गार हवा सोडून राह्यला अन् शेड तापून राह्यलं. खोटारडा हाय का हा?"

"कूलर खराय. तू फक्त त्याच्याभोवती रेघ मारून तेवढंच बघतीस." आबांनी शेडात टाकायच्या चुन्याचं घमेलं पुढं सरकवलं. "आता शेडाभोवती मार."

मुठीमुठीनं चुना सोडत पायल शेडाला वळसा घालून आली.

"रेघेच्या आतलं ते आपलं, बाकी सगळं बाहेरचं. आत काय काय गेलं?"

"पाणी. सहा बादल्या. वायरीतून वीज. पत्र्यातून ऊन."

"अन् बाहेर काय आलं?"

पायलनं खूप शोधलं. "मी आले. रिकामी बादली घेऊन."

आबा पोट धरून हसले. पायलची नजर मात्र शेडाच्या पाडलेल्या पडद्यांवर गेली. मग बादली तिथंच टाकून ती शेडात पळाली.

"आई, तीच ओली हवा आत फिरून राह्यली! ती आता आणखी पाणी पिणार न्हाई. तिला बाहेर जाऊ दे."

"पडदे उघडू? अन् माशी आली तर? अळ्यांवर अंडी घालती ती. बिलकुल न्हाई."

"पडद्याआड जाळी हाय की! हवा जाईल, माशी न्हाई येणार."

प्रभावतीनं मागोमाग दारात आलेल्या सासऱ्यांकडं पाहिलं. "मामा, तुम्ही पढवलं का हिला?"

"मी नुसता चुना दिला."

बाहेरची कोरडी हवा आत यावी म्हणून दोघींनी कूलर बाहेर नेऊन त्याचं तोंड खिडकीच्या जाळीला लावलं, ओली हवा निघून जावी म्हणून समोरच्या बाजूचे पडदे वर केले. ओढाताणीत दारासमोरची रेघ पुसून गेली.

"पुसू दे," आबा म्हणाले. "उद्या दुसरं काही कळंना झालं, तर दुसरीकडं मारशील."

ऊन कलेपर्यंत दमटपणा सत्तरीवर आला होता, तापमानही उतरलं होतं. प्रभावतीनं ताजा पाला अंथरला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एका अळीनं डोकं उचललं, पानाची कड चाचपली आणि कुरतडली. तिच्या शेजारणीनंही. पायल रॅकजवळ वाकली. हळूहळू रॅकभर बारीक करकर सुरू झाली.

"पाला आण गं," प्रभावती पुटपुटली, "पुरायचा न्हाई हा."