आडव्या बोरातलं पाणी

कालव्याचं पाणी शिवारात आलं, तेव्हापासून भगवंताच्या जुन्या विहिरीला कुणी विचारीनासं झालं. वर पत्रे पडले, पत्र्यांवर काटे, काट्यांवर घाणेरी माजली. अशी मुकी झालेली विहीर पुण्याहून आलेल्या लेकीला हवी होती.

आरती मंगळाचा अभ्यास करी. मंगळावर आपल्यासारखाच काळा खडक आहे. त्याच्या पोटात पाणी असलं, तर उजेडावाचून, हवेवाचून बारीक जीव तिथं तगतील का, हे तिला शोधायचं होतं. म्हणून विहिरीच्या तळाशी मारलेल्या आडव्या बोरातलं, कुणी न विटाळलेलं पाणी पाहिजे होतं.

"मंगळावर मानसं न्यायची का गं?" भाकरी थापता थापता कुशाबाईनं विचारलं.

"नाही गं आई. नुसतं बघायचं, तिथं कुणी जगू शकतं का."

"हितं जगनाऱ्यांचं बघ की आधी," ती म्हणाली. पण लेकीच्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच पडला.

सकाळी भगवंतानं पत्रे सारले. कुशाबाईनं कंदील पेटवून दोराला बांधला. बंद विहिरीत आधी दिवा सोडायचा. तळाला तो जळत राहिला, तरच माणूस उतरायचा, अशी तिच्या सासऱ्यापासूनची रीत.

"आई, रॉकेलचा धूर नको. पाण्यात उतरला तर सगळं वाया जाईल."

भगवंतानं फुंकर मारून कंदील विझवला. "मग तुझी ब्याटरी दे."

"हो, खाली अंधारच असेल," म्हणत आरतीनं बॅटरी दोराला बांधली नि सोडली. तळाचा खडक लख्ख उजळला.

"बघ, कशी जळतीया," भगवंत बायकोला म्हणाला. "तुझ्या कंदलाच्या वरताण."

कुशाबाई वाकली. उजेड ढळत नव्हता, थरथरत नव्हता. तिच्या जिवाचा घोर गेला.

"कंबरंला दोर तरी लावा."

"माझी हीर हाय. मला काय खाती का?"

बाटली कंबरेला खोचून तो दगडांवर पाय रोवत उतरला. "लई गार हाय गं," खालून आवाज आला. मग तो दमल्यासारखा कपारीला टेकून बसला. "दादा! दादा!" आरतीनं बापाला हाका मारल्या. ओ आली नाही. बॅटरी त्याच्या पांढऱ्या टोपीवर तशीच झळझळत होती.

"आई, खाली हवाच नाही," आरती म्हणाली, आणि तिनं काठावरून पाय खाली टाकले.

कुशाबाईनं तिची वेणी धरली, मागं ओढली, आणि अंगाखाली दाबून धरली.

"सोड. दादा जिवंत असतील अजून."

"आसतील," कुशाबाई म्हणाली. तिला खाली भगवंताचा हात हललेला दिसला होता. तिनं मिठी आणखी आवळली, आणि शेजारच्या रानाकडं तोंड करून हाका घातल्या.

सावळेराम दोर घेऊन धावत आला. येता येताच पायताण काढून काठावर बसला.

"उतरू नका, भाऊ," ती म्हणाली. "तुमची पोरं ल्हान हायती."

"अवं वहिनी, पर भगवंता..."

कुशाबाईनं खाली पाहिलं. हात आता हलत नव्हता.

"बादली काढायचा गळ हाये ना तुमच्याकडं," ती म्हणाली. "त्यो आना."