तारेला दिसलेला हेवा

आचऱ्याच्या दत्ताराम परबांच्या खळ्यात तिन्हीसांजेला माणूस मावत नव्हता. मधोमध तांब्याच्या दोन दांड्या, त्यांच्यामध्ये केसासारखी तार, बाजूला भगव्या कापडाखाली गुणगुणणारी पेटी. घरातलं एकेक माणूस समोरच्या पाटावर बसून उठत होतं आणि चटईवर बसलेले तारबाबा गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक ज्याची नजर लागली, ज्याच्या पोटात हेवो आसा, तो पाटार बसलो काय ही तार जळान जांवदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खं खळं म्हणालं.

थोरली सून नर्मदा पैंजण वाजवत आली, बसली. कडाड. निळापांढरा लख्ख उजेड, आणि तार नाहीशी.

नर्मदेची कूस रिकामी. धाकटी जाऊ समीक्षा, तिचं तान्हं बाळ तापाने फणफणलेलं. अंगावर घेतलं की रडे.

"उद्या हिका माहेराक धाडतंय," दत्ताराम म्हणाले. "पोरावर सावली नको हिची."

नर्मदेला हेवा वाटे, हे खरंच होतं. पाळण्याची दोरी समीक्षेच्या हातात दिसली, की अनवाणी पायाला खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याची धार लागावी तसं तिला होई. तारेने बरोबर ओळखलं, असं तिलाच वाटलं.

शेजारची आकांक्षा मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करते. रजेवर आली होती. ती पुढे झाली. "बाबानू, तारेक कळता, तर तुमका बघूची गरज काय? डोळे बांधूया."

"शिकलेला चेडू," बाबा हसले. "बांध गो."

नवी तार लागली. आकांक्षाने नर्मदेचे पैंजण मागून घेतले, पाटावर मुकाट वरवंटा ठेवला आणि पैंजण छुमछुमवले.

कडाड.

बाबांनी पट्टी काढली. पाटावर वरवंटा.

"ह्याका कोणाचो हेवो रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाट्याचो," दुसरा म्हणाला, आणि खळं हसत सुटलं.

आकांक्षाने चटईची कड उचलली. बाबांच्या पायाच्या अंगठ्याखाली बटण होतं. "पेटीक हात लावू नकात, वीज उरलेली आसतली. हंडो थेंब थेंब भरूचो आणि एकदम उपडो करूचो, तशी ही वीज सुटता. तारेची वाफ होता, वाफ तापान लखलखता. आमीय ताच करतंव, पण वीज ह्याच्या कितीतरी पटीन मोठी आणि तार हवा काढलेल्या भांड्यात. मगे पापणी लवूच्या आधी क्ष-किरणांचो झोत येता. त्यात चिलटाच्या पंखाची सावली गावता. हेवो मात्र माका अजून गावलो नाय."

नर्मदा हळूच म्हणाली, "पण माका हेवो वाटता गो. ता खोटा नाय."

"वाटांदे, काकी. हेव्यान ताप येणा नाय."

डॉक्टरांकडे जायला आकांक्षाने बोलावलेली रिक्षा दाराशी आली. समीक्षेने आधी नर्मदेकडे पाहिलं, मग बाळ तिच्या हातात दिलं. "धर, वयनी. मी दुपटा घेवन येतंय."

डॉक्टरांनी बाळाच्या कानात पाहिलं. आत पू झाला होता. दूध गिळताना कान ठणके. औषधाने ताप उतरला. नर्मदेचा हेवा काही उतरला नाही, पण ती घरात राहिली.

तेव्हा आमचंही एक गाऱ्हाणं. बा देवा म्हाराजा, पोराक ताप इलो तर आधी डॉक्टर आठवांदे, चमत्कार दिसलो तर चटई उचलून बघूची बुद्धी येवंदे, हेवो वाटलो म्हणान कोणा बायेक घराभायर काढू नये रे म्हाराजा.

आणि मंडळी, "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आधी एकदा विचारा, कशावरून?