अंगठ्याखालची नाडी

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर नर्स नव्हत्या, ही गोष्ट अख्ख्या इमारतीत दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः सिस्टर आणि दुसरे त्यांचे यजमान. यजमान वीज कंपनीत मीटर रीडर. दारोदार हिंडून आकडे टिपायचे, पण घरचा हा एक आकडा त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही.

नर्सिंगचा कोर्स सिस्टरनी पुरा केला होता, त्यात खोट नाही. राहिली होती ती लायसन्सची परीक्षा. परीक्षेच्या तोंडावर लग्न ठरलं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलगी झाली. पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता मुलगी कॉलेजात गेली. मधल्या काळात औषधाच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली आणि मालकानं अंगावर पांढरा कोट चढवला. पहिल्यांदा कुणी "सिस्टर" म्हणालं, तेव्हा त्या "अहो, मी नाही हो" म्हणणारच होत्या; पण त्या गिऱ्हाइकाला घाई होती. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा सिस्टरना घाई होती. तिसऱ्यांदा त्यांनी ओ दिली. खोटं त्या बोलल्याच नाहीत. खरं बोलायचं तेवढं राहून गेलं, आणि राहून गेलेल्या खऱ्यावर व्याज चढत गेलं.

व्याज गोड होतं. जिन्यात पुरुषमाणसं अंग चोरून वाट देत. पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं की दोन्हीकडची माणसं "सिस्टरना विचारा" म्हणत, जसं काही टाकीलाही ताप आलाय. आणि रोज सकाळी तळमजल्यावरचे टेलरकाका दुकानाचं शटर वर करून त्यांची वाट बघत उभे राहत, गळ्यात टेप, एक हात पुढे.

"बघा सिस्टर, आहे का अजून?"

सिस्टर मनगट धरत, घड्याळाकडे बघत, ओठ जरासे दाबत. मग म्हणत, "घड्याळासारखी चालतेय, काका."

काका खूश. मध्यंतरी त्यांना कापड बेतताना चक्कर आली. सून म्हणाली, चला, डॉक्टरांना दाखवू. काकांनी तिला उडवूनच लावलं. "रोज सिस्टर बघते माझी नाडी. डॉक्टर काय वेगळं मनगट धरणार आहे?" सिस्टर तिथंच उभ्या होत्या. त्या फक्त हसल्या. त्यांचं निम्मं आयुष्य असल्या हसण्यावर निभावलं होतं.

मग औषधाच्या दुकानाशेजारी नवा दवाखाना निघाला. तिथले डॉक्टर गोळ्यांच्या चौकशीला काउंटरवर येत. एकदा म्हणाले, "मला नर्स हवी आहे. तुम्हीच या की. लायसन्सची प्रत तेवढी आणा." सिस्टर म्हणाल्या, "शोधते." घरी येऊन त्यांनी जे शोधलं ते जुनं पुस्तक. त्याला मुलीच्या कॉलेजच्या मासिकाचं कव्हर घातलं, अर्ज भरला आणि पलीकडच्या पेठेत परीक्षेचा क्लास लावला. शेजारणीनं विचारलं, "रविवारच्या कुठं निघालात? शिकवायला जाता वाटतं?" सिस्टर पुन्हा हसल्या.

क्लासात पोरीच पोरी. सगळ्या त्यांना मावशी म्हणत, पेन मागत आणि डबा उघडला की गोळा होत. शिकवणारी मॅडमसुद्धा मुलीच्याच वयाची. सुरुवातीला सिस्टरच्या मनात होतं की पुस्तकाचं राहू दे, हाताच्या कामात आपण या पोरींच्या पुढे असू. हा हिशेब त्यांनी पक्का धरून ठेवला होता.

एका रविवारी हाताचं काम निघालं. जोड्या लावल्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दाखवा सगळ्यांना." सिस्टर ऐटीत उठल्या. समोरच्या पोरीचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, ओठ दाबले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कुणाची मोजताय?"

"म्हणजे? हिची."

"अंगठा लावलाय तुम्ही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, मावशी. तुम्ही स्वतःचीच मोजताय."

वर्ग फिस्सकन हसला. ज्या पोरीचं मनगट धरलं होतं ती म्हणाली, "म्हणजे मी मेले तरी मावशी म्हणतील, छान चाललीये!" आणि हसण्याचा दुसरा लोट आला. सिस्टरही हसल्या. कान मात्र तापून लाल झाले.

वाईट असं की हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवलं होतं. कोर्सला असताना त्यांच्या याच अंगठ्यावर मेट्रननं पेन मारलं होतं. तीन बोटं, अंगठा लांब. तेव्हा कानाला खडा लावला होता. पण तीन बोटांनी नाडी शोधावी लागते, अंगठ्याला ती लगेच सापडते; आणि लोक बघत असले की शोधत बसणं बरं दिसत नाही. कधीतरी अंगठा आला आणि ठाण मांडून बसला.

परतीच्या बसमध्ये त्यांना एकदम टेलरकाका आठवले. रोज सकाळचं ते "घड्याळासारखी". घड्याळासारखं जे चालत होतं ते त्यांचं स्वतःचं होतं. काकांचं काय चाललंय, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एवढंच ना? उद्या नीट बघ. काही वाटलं तर म्हण, डॉक्टरांकडे जाऊन या. मागचं उकरायला कोण येतंय?"

"मागचं खोटं होतं, अहो."

"अगं, घर बंद असलं की आम्हीही अंदाजे रीडिंग टाकतो. पुढच्या बिलात जुळतं सगळं."

"घर बंद नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "मी दार वाजवलंच नाही."

तरी सल्ला सोयीचा होता. सकाळी जिना उतरताना त्यांनी तोच मनात धरला होता. काकांनी हात पुढे केला. सिस्टरनी अंगठा मुद्दाम लांब ठेवला आणि तीन बोटं टेकवली. आधी काहीच लागेना. मग लागली. एक, एक, मग नुसतीच जागा. मग दोन ठोके घाईघाईनं, चुकलेलं भरून काढल्यासारखे. पुन्हा जागा.

"आज फार वेळ लावलात," काका म्हणाले. "सापडेना की काय?"

"काका, आज डॉक्टरांना दाखवून या. नाडी चुकतेय."

मशीनवर बसलेल्या सुनेनं पाय थांबवला.

"काल तर घड्याळासारखी होती," काका म्हणाले. "परवाही. एका रात्रीत काय झालं? जिना उतरून दमलाय तुम्ही, म्हणून तसं वाटतंय. मी नाही जात कुठं. आज दोन कोट द्यायचेत."

"जा हो काका. माझं ऐका."

"तुमचंच तर ऐकतोय इतके दिवस!"

आता सिस्टरना सोयीची वाट उरली नाही. इतक्या दिवसांचं त्यांचंच बोलणं दारात आडवं पडलं होतं, आणि ते उचलल्याशिवाय काका बाहेर पडणार नव्हते. त्यांनी टेबलावरच्या खडूकडे बघितलं.

"काका, इतके दिवस मी तुमची नाडी बघतच नव्हते. अंगठा लावत होते. अंगठ्यानं आपलीच लागते. तुम्हाला रोज जी सांगितली ती माझी होती."

मग सून सावकाश म्हणाली, "म्हणजे? नर्सला हे माहीत नसतं?"

"मी नर्स नाहीये. परीक्षा द्यायची राहिली होती. आत्ता देतेय. रविवारी जाते ती शिकायला."

सुनेनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं उसवलेल्या शिवणीकडे बघावं. "आणि मामंजींना चक्कर आली तेव्हा तुम्ही इथंच उभ्या होतात."

यावर हसता येत नव्हतं.

काका गळ्यातली टेप काढून गुंडाळत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस तुमच्या मापाचा कोट घालून फिरत होतो म्हणा की." आणि स्वतःच हसले. ते रागावले असते तर सिस्टरना सोपं गेलं असतं.

जवळचा दवाखाना तोच, नवा. डॉक्टरांनी काकांच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती त्यांनी नीट निरखली. मग ओळखीचं हसून सिस्टरकडे वळले. "बरं झालं तुम्ही आलात. आधी नाडी नियमित होती का यांची? तुम्ही बघत असाल ना?"

सून शेजारीच उभी होती.

"सांगता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी चुकीची बघत होते. आणि डॉक्टर, लायसन्स मी शोधते म्हणाले होते ना, ते नाहीच. कधी नव्हतं."

डॉक्टरांचं हसू जिथल्या तिथं राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "वेळेत आलात. गोळ्या सुरू करू, मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो." नर्सच्या नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि सिस्टरनीही विचारलं नाही.

चिठ्ठी होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं होतं. सून गोळ्या आणायला गेली. जाताना म्हणाली, "काकू, यांच्याकडे लक्ष ठेवा." आजवर ती सिस्टरच म्हणत आली होती. काकू बरोबरच होतं, पण चपलेत खडा जावा तसं टोचलं.

काकांनी बाही वर केली आणि मनगट त्यांच्या मांडीजवळ आणून ठेवलं.

"परीक्षेत हे विचारतात ना? मग बघा. बसल्या बसल्या दुसरं काय करणार?"

"नको, काका."

"का? आता लाज वाटते?"

"हो."

"वाटू द्या. मोजा."

सिस्टरनी अंगठा बाजूला धरला, तीन बोटं टेकवली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागल्या. मध्येच एक जागा आली, त्यांची मोजणी चुकली.

"किती?" काकांनी विचारलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "परत मोजते."