घोडमुळा

पानाच्या कडेला तांबूस चट्टा... कालपर्यंत नव्हता, की काल दिसला नाही? गोपिकानं ते लांबट पान दोन बोटांत धरलं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन आणि हे थंड देशातलं झाड, कुठं नेऊन ठेवावं याला? झाड लावलेला डबा मोरीजवळच्या सावलीत सरकवून झाला, ओलं पोतं गुंडाळून झालं, माठातलं पाणी देऊन झालं. जावयाचेही इतके लाड कुणी करत नाही.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी राहणाऱ्या मिसेस रोझारिओ कायमच्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या तेव्हा हा डबा देऊन गेल्या. हॉर्सरॅडिश, म्हणाल्या, तिची जीभ वळेना, म्हणून तिनं त्याचा घोडमुळा केला. मुळ्यासारखंच, पण झणका जिभेवर न थांबता नाकातून थेट मस्तकात जाणारा. आणि नवऱ्याला, मनोहररावांना, नेमकं तेच हवं होतं — मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत सायकलवरून डोक्यावर पडले, खोक बुजली, पण वास गेला तो गेलाच, आणि वासामागोमाग चव. डॉक्टरांनी हात टेकले. फाटकातूनच वास घेऊन "आज पाटोडी काय वं?" विचारणारा माणूस आता ताटात वाकून बघितल्याशिवाय काय वाढलंय ते ओळखेना. लग्नापासून माझ्या हातचं खाल्लेला माणूस माती खाल्ल्यासारखा जेवतो, आणि मी समोर बसून वाढते... मग थंडीत तिनं पहिल्यांदा हे मूळ किसून दह्यात दिलं, तर घास तोंडात असतानाच त्यांचे डोळे गच्च मिटले, पाणी घळाघळा वाहिलं, आणि त्यातूनच ते हसले. "लागलं वं. लागलं मले." त्या दिवशी तीही रडली होती, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत.

तिच्याकडून त्यांच्याकडे जायला तेवढी एकच वाट उरली होती, म्हणून हे झाड जगायलाच हवं होतं.

मधला गड्डा न दुखवता तिनं कडेची माती उकरली, बोटभर मूळ कापलं, माती पुन्हा दाबली. पदर नाकावर बांधून किसलं. आजही डोळे चुरचुरले नाहीत. सवय झाली असेल, तिनं ठरवून टाकलं. वाढण्याआधी चाखायचं नाही ही माहेरची रीत, आणि एवढ्याशा मुळात आपण वाटा कुठं घ्यायचा?

मनोहररावांनी घास घेतला, थांबले, डोळे मिटून डोकं हलवलं, मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"लागते ना जी?"

"लागते म्हणजे? मस्तकात गेलं."

ते उठून आत कूलरपुढं आडवे झाले. नेहमीसारखी ती त्यांच्याच ताटात जेवायला बसली. आज कडेला थोडं उरलं होतं, ते भाकरीबरोबर तोंडात टाकलं.

काहीच नाही. दुधीच्या सालीसारखं पाणचट. पुन्हा घेतलं, नुसतंच. दाढेखाली चावलं, वाट पाहिली. उन्हानं मुळातला तिखटपणा कधीच ओढून घेतला होता.

मग ते डोळे पुसणं...? मागच्या आठवड्यातलंही? होळीनंतरचं? मागं मागं जात ती थंडीतल्या त्या दिवसापाशी आली आणि थबकली. त्याला हात लावायची तिची छाती होईना. तो तरी खरा असू दे.

राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं — हा माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा जेवतोय, ती बघतेय हे जाणून, कधी डोळे मिटायचे ते लक्षात ठेवून, आणि एकदाही चुकला नाही.

"झाडाले पाणी टाकलं काय वं?" आतून आवाज आला. "सकाळी सुकून राहिलं होतं."

म्हणजे तेही जाऊन बघतात.

"टाकते जी," ती म्हणाली, पण उठली नाही. उद्या पुन्हा किसायचं, वाढायचं, समोर बसायचं आणि विचारायचं. विचारताना आपला चेहरा कसा असतो, ते तिला काही केल्या आठवेना.