हो-हो म्हणणारा डोळा

सोमवारी सकाळी ओहेमा रुसली. ओहेमा म्हणजे राणी, आणि राणी म्हणजे मास्तर त्वुमासींच्या वर्कशॉपमधली एकुलती एक संगणकावर चालणारी सीएनसी मशीन. तेमा बंदरात कंटेनरमधून उतरली तेव्हाच ती म्हातारी होती. पण सुआमेत, जिथे लोक हातोडा-छिन्नीने अख्खी लॉरी नव्याने उभी करतात, तिथे आपली हत्यारं आपणच बदलणारी मशीन राणीच ठरणार. तिच्या पोटात चोवीस टूलचं गोल चक्र होतं. हवं ते टूल फिरून समोर आलं की तिचा हात ते उचलायचा. आज चक्र गरकन फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: चक्र फिरलं नाही.

"डोळ्यांदेखत फिरलं की!" वोफा यिआडोम म्हणाला. तीस वर्षं लेथवर उभा असलेला हा माणूस सगळ्या वर्कशॉपचा मामा, म्हणून सगळे त्याला वोफा म्हणत. "राणी खोटं बोलायला लागली. राजवाड्यात हे चालायचंच."

अफ्रियेला हसू आलं नाही. शनिवारीच तिची सुटका झाली होती. चार वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढून, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती स्वतंत्र कारागीर झाली होती. प्रार्थना झाली, जेवण झालं, मग रिवाजाप्रमाणे एकेकाने येऊन तिच्या मानेवर, केसांवर, खांद्यांवर पांढरी पावडर उधळली. शेजारच्या वेल्डरांनी उधळली, वाआचे म्हणजे चवळी-भात विकणाऱ्या बाईंनी उधळली. फक्त मास्तरांनी नाही. ते पावडरचा डबा घेऊन उठले आणि कुठे नाहीसे झाले कोण जाणे. परत आले तेव्हा सर्टिफिकेटवर सही करायची वेळ झाली होती. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले, "सोमवारी करतो." चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. काखेत कळसा, पण मास्तरांना सांगणार कोण?

बुधवारी अफ्रियेला ताकोरादीला नव्या कामावर हजर व्हायचं होतं. सही नसलेलं सर्टिफिकेट तिथल्या साहेबाच्या लेखी नुसता रंगीत कागद.

मास्तर आले, लाल अक्षरांकडे पाहिलं आणि खापर फोडायला त्यांना क्षणही लागला नाही. "हे तुझ्या त्या डोळ्याचं काम."

गेल्या वर्षी राणीचा मूळ सेन्सर मेला होता आणि नवा कुठे मिळेना. तेव्हा अफ्रियेनेच एका बाटल्या भरायच्या कारखान्याच्या भंगारातून हा उजेडाचा डोळा काढून बसवला होता. डोळा लाल उजेड टाकायचा. चक्रावरची पट्टी समोरून गेली की उजेड परत यायचा, डोळा 'हो' म्हणायचा आणि राणी एक घर मोजायची.

"मास्तर, वर्षभर बिनतक्रार चालला तो."

"चालला ना? आता तू सुटलीस तसा तोही सुटला. राणी उठेपर्यंत सही नाही. मशीन मोडकी टाकून जाणाऱ्या कारागिराला मी माझं नाव लावू देणार नाही."

 चार वर्षांत त्यांनी अफ्रियेला शिव्या पुष्कळ दिल्या होत्या, पण असं कधी बोलले नव्हते. तिने पान्ह्यांची पेटी ओढली.

तेवढ्यात इंजिनियर बेडियाको आले. त्यांना मास्तरांनीच बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप. राणीपासून दोन हात लांब उभे राहून त्यांनी निदान केलं, "कंट्रोल बोर्ड गेलं. अक्राहून मागवावं लागेल. तीन आठवडे धरा."

"साहेब, झाकण उघडून तरी बघा," वोफा म्हणाला.

"ज्यांना अनुभव नसतो त्यांना उघडावं लागतं."

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, आणि याचा उंट तर वातानुकूलित होता.

तीन आठवडे ऐकून अफ्रियेचे कान तापले. ती पडद्यापाशी गेली आणि जिथे एकेका सेन्सरपुढे शून्य किंवा एक दिसतो ते पान तिने उघडलं. डोळ्यापुढे एक होता. तिने चक्र हाताने थोडं सरकवलं. पट्टी समोरून गेली, समोर मोकळी जागा आली, तरी एकच. पुन्हा सरकवलं. एकच.

"वोफा, पट्टी असो नसो, हा आपला हो-हो म्हणतोय. म्हणून राणीला वाटतं चक्र हललंच नाही."

"माझा जावई! काहीही विचारा, हो मामा, हो मामा. काम शून्य."

अफ्रियेने डोळ्याची वायर काढली. पडद्यावर शून्य आला. लावली, एक आला.

"बोर्ड शाबूत आहे, साहेब. वायर काढली की नाही म्हणतं, लावली की हो. वायरही धड आहे. जे काय आहे ते डोळ्यातच."

"मग डोळा बघा," बेडियाको म्हणाले, जणू सकाळपासून ते हेच सांगत होते.

तिने मेन स्विच पाडला, स्टुलावर चढली, झाकण उचलून डोकं आत घातलं आणि थबकली. आत तेलाचा वास हवा होता. आला तो गोड, बाळाच्या अंगाचा वास. हाच वास ती दोन दिवस कानामागून धूत होती.

तिने बॅटरी लावली. चक्र, पट्ट्या, सगळं पांढरं. पावडर तेलाच्या फवाऱ्यात भिजून डोळ्यावर तिचा लेप बसला होता. डोळ्याचा उजेड त्या लेपावरूनच परत येत होता आणि बिचारा डोळा प्रत्येक वेळी पट्टी दिसली समजून हो म्हणत होता.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा पंजा उमटला होता. उजव्या हाताचा. तर्जनी अर्धीच.

तसा हात सुआमेत एकाचाच होता. ती अर्धी तर्जनी तरुणपणी एका लेथने नेली होती, आणि ती गोष्ट मास्तर प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. अफ्रियेला आधी भयंकर राग आला. मला नाही, लोखंडाला लावली! डबा घेऊन गेले ते इथे!

"काय सापडलं?" खालून मास्तरांनी विचारलं.

तिने डोकं बाहेर काढलं. नाकाचा शेंडा पांढरा झाला होता. वोफाने तो पाहिला आणि एकदम छताचे पत्रे मोजायला लागला.

एका वाक्यात मास्तरांचं नाक कापता आलं असतं. सगळे हातातलं काम सोडून बघत होते. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते नजरेला नजर देत नव्हते, उजवा हात खिशात होता.

"राणीला शनिवारी कुणीतरी पावडर लावली, मास्तर. डोळ्यात गेली."

"मशीनला पावडर?" बेडियाको खो-खो हसले. "कोणत्या मूर्खाने?"



"मूर्खाने नाही, साहेब. माया करणाऱ्याने," अफ्रिये म्हणाली. "लावताना ती डोळ्यात जातेय हे त्याला दिसलं नसेल. चष्मा घरी राहिला असेल."

वोफाला इतका खोकला आला की त्याला लेथ धरावा लागला.

तिने स्पिरिटच्या फडक्याने डोळा पुसला, पट्ट्या पुसल्या, चक्र पुसलं. झाकणावरचा पंजा तेवढा तसाच ठेवला. स्विच वर गेला. चक्र फिरलं. एक, शून्य, एक, शून्य. सातवं टूल समोर आलं आणि राणीच्या हाताने ते अलगद उचललं. वर्कशॉपमध्ये अशी आरोळी उठली की वाआचेवाल्या बाई डाव घेऊनच धावत आल्या.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"राणी चार वर्षं फक्त तुझं ऐकते," ते शेवटी म्हणाले. "तू गेल्यावर माझं ऐकायला हवं ना? म्हणून आधी तिला मनवायला गेलो. मग तुझ्यासाठी पावडर उरली नाही."

"खोटं," वोफा म्हणाला. "अर्धा डबा तुझ्या खणात आहे."

 मास्तर पुटपुटले, "उरली होती. तुला लावली असती तर तू गेलीस असंच झालं असतं."

अफ्रियेचा राग तिथेच विरघळला. तिला रडूच आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मास्तरांनी खण उघडला. अर्ध्या तर्जनीने पेन टेकवत सर्टिफिकेटवर सही केली, ठळक, पूर्ण नावानिशी. मग डबा उचलला.

"आधी झाकण!" सगळे एकदम ओरडले. वोफाने राणीचं झाकण धाडकन लावलं, वर ताडपत्री टाकली, तरी विश्वास न बसून त्याने मास्तरांना अंगणात पिटाळलं.

अंगणात अफ्रियेने मान झुकवली. मास्तरांनी उरलेला सगळा डबा तिच्यावर रिकामा केला आणि हात तिच्या मानेवर ठेवला. मानेवर साडेचार बोटं उमटली. ती तिने बुधवारपर्यंत धुतली नाहीत.