दगडापाशी थांबलेला मासा

"माशाला हीटर आणि माणसाला स्वेटर," बाबा माझ्या कानाशी पुटपुटले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे कुरकुरसुद्धा दातांतून गाळूनच आली. ते माझ्या कोटाची बाही बेतत होते. बाबा शिंपी. जन्मभर लोकांच्या इतक्या जवळ उभं राहून काम केलं, की मोठ्यानं बोलायची वेळच आली नाही.

आईला ऐकू गेलं नसावं. ती काचेच्या टाकीपुढे बसली होती. आई जीवशास्त्राची प्राध्यापक. काही माशांत पिल्लं बापच का सांभाळतो, हे वागणं पिढ्यान् पिढ्या कसं घडत आलं, या एका प्रश्नावर तिनं सगळी नोकरी काढली. वर्षातले कितीतरी महिने दूर, तळ्याकाठच्या केंद्रावर. महिन्याभरापूर्वी निवृत्त होऊन ती कायमची घरी आली, आणि येताना ही टाकी घेऊन आली. टाकी बाबांच्या मशीनशेजारी ठेवली, तेव्हापासून आमची खोलीच पाण्याखाली गेली. हिरवा उजेड कापडाच्या ताग्यांवरून सरकायचा, मशीनची सावली भिंतीवर तरंगायची. बाबा कात्री चालवायचे तीही सावकाश, पाणी कापत असल्यासारखी.

लहानपणीही मी अशीच कुठेतरी तळाशी असायची. बाबांच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. वर इस्त्री फिरायची आणि मधूनच बाबा वाकून पुठ्ठ्यानं मला वारा घालायचे. फोनवर आईचा आवाज यायचा तोही तळ्यातून आल्यासारखा, थोडा ओला.

बघायचं, हात घालायचा नाही, हा आईच्या कामाचा नियम. घरी आली की तोच घरी. मी सायकलवरून पडले, तेव्हा ती आधी मी उठते कशी ते बघत राहिली. बाबा गळ्यातल्या टेपसकट धावत आले होते.

गेल्या आठवड्यात केंद्रावरून फोन आला. सगळी नवी पोरं आहेत, मॅडम, हा एक हंगाम याल का? आई "बघते" म्हणाली. त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त आईची बॅग कपाटावरून खाली आली, आणि तिची तुटकी चेन बाबांनी गुपचूप बदलून टाकली. बाबा 'जाऊ नकोस' म्हणतील याची मला भीती वाटत होती. म्हणणार नाहीत, याची जास्त.

"टाकीतली पिल्लं कुठं गेली गं?" बाबांनी आईला विचारलं.

"पोहायला लागली. ती बघा, त्या कोपऱ्यात."

"मग हा काय करतोय?"

नर मासा टाकीतल्या सपाट दगडावर होता. दगड कोरा होता. तरी तो त्याच्यावर झुकून पर हलवत होता, न थांबता, मन लावून.

"अंड्यांना वारा घालायची सवय," आई म्हणाली. "अंडी गेली. सवय सुटेल हळूहळू."

बाबांनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या. बाही वर सारली आणि टाकीत हात घातला.

"अहो! हात नाही घालायचा!"

"इतकी वर्षं कुठं घातला?"

त्यांनी दगड उचलून बाहेर ठेवला. मासा गांगरला. स्वतःभोवती फिरला, थबकला आणि मग टाकीच्या त्या टोकापर्यंत जाऊन आला. तो इतका लांब गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आई त्याच्याकडे बघत होती. मग तिची नजर बाबांकडे वळली.

बाबांनी ओला हात माझ्याच नव्या कोटाला पुसला.

"तू दर वेळी निघालीस आणि मी दारात उभा राहिलो," ते म्हणाले, चांगले मोठ्यानं. "त्याला सवय म्हण, काहीही म्हण. पण 'चला माझ्याबरोबर' असं तू मला एकदासुद्धा म्हणाली नाहीस."