ऊब

स्वयंपाकघरातल्या विजेच्या बोर्डावर चार ब्रेकर होते: तीन सहा अँपिअरचे, एक बत्तीसचा. बत्तीसच्या ब्रेकरमधून निघालेली वायर अडीच चौरस मिलिमीटरची होती. ती भिंतीतल्या पाइपातून ओव्हनकडे जात होती, आणि त्याच पाइपात फ्रिजची नि दिव्यांची वायरही कोंबलेली होती. ओव्हनचा स्विच एका कडेने तपकिरी झाला होता. करपल्याचा वास आला म्हणूनच मी बोर्ड उघडला होता.

ओव्हन साडेपाच किलोवॅटचा, म्हणजे चोवीस अँपिअर. अशा भरलेल्या पाइपात ती वायर अठरा-वीसच्या पुढे सोसत नाही. ब्रेकर असतो तो वायर वाचवायला. वायर तापायच्या आत त्याने पडायला हवं. हा बत्तीसचा पडलाच नसता.

"आधी सोळाचा होता," आई पीठ मळता मळता म्हणाली. बाबा गेल्यापासून घर तिच्या पाव-केकवरच चालत होतं. "ऐन भाजणीत पडायचा मेला. एकदा तीन मजली केक बसला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. हे जेवणावरून उठले, मोठा ब्रेकर घेऊन आले. तेव्हापासून एक केक बसला नाही माझा."

"आणि वायर?"

"वायरीला काय धाड भरली होती?"

बाबा पंप दुरुस्त करायचे. घरातली वायरिंग त्यांनी सुट्टीच्या दिवशी एकट्याने केली होती. ब्रेकर सारखा पडतो म्हणजे ब्रेकरच कुचकामी, असा त्यांचा हिशेब.

भाजणी संपली की आई बाहेरच्या खोलीत चहा घेऊन जमिनीवर बसायची, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून. भिंत कोमट असायची, तिच्या कमरेला बरं वाटायचं. पूर्वी दोघं बसायचे. "ओव्हनची ऊब फुकट का घालवायची," बाबा म्हणायचे. आता ती एकटी बसत होती, पण कडेला सरकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

ओव्हन मात्र त्या भिंतीमागे नव्हता. तो पलीकडच्या भिंतीला होता. मी माझ्या कामाच्या लॅबमधून आणलेलं थर्मामीटर भिंतीवर फिरवलं. बोर्डापासून निघालेला तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा तेवढा गरम होता, बाकी भिंत गार. आई टेकायची तिथे सर्वांत जास्त: एक्केचाळीस अंश.

मी वायरमनला बोलावलं. बाबांचा जुना दोस्त.

"तुझ्या बापाने मला या बोर्डाला बोट लावू दिलं नाही कधी," तो म्हणाला. "म्हणायचा, तू पैसे घेऊन चुकतोस, मी फुकटात चुकतो."

आई हसली, मग पदराने नाक पुसत राहिली.

वायरमनने आणि मी मिळून ठरवलं: मीटरपासून ओव्हनपर्यंत स्वतंत्र लाइन, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची, अर्थिंगच्या वायरीसकट, बाहेरच्या भिंतीवरून वेगळ्या पाइपातून. ही जाड वायर बत्तीस सोसते, म्हणून तिला नवा बत्तीसचा ब्रेकर, आणि विजेची गळती झाली तर पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा वेगळा.

"ह्यांचा ब्रेकर चालेल की," आई म्हणाली.

"तापून तापून थकलाय तो, वहिनी." वायरमनने तो काढून तिच्या हातात दिला. तिने तो पिठाच्या हातानेच एप्रनच्या खिशात टाकला.

"आणि भिंतीतली वायर राहू दे. तिला नका छेडू."

"फ्रिजची वायर चिकटलीय तिला. काढावीच लागेल."

आई टेकायची तिथला गिलावा त्याने फोडला. पाइप तिथे तोडलेला होता आणि आत जोड होता, टेप गुंडाळलेला. टेप काळी पडून तिचे तुकडे गळत होते.

"वीतभर कमी पडली असणार," वायरमन हळू म्हणाला. "सुट्टीचा दिवस, दुकान बंद. जोडली असेल तशीच."

आई जोडाकडे पाहत होती. मग खाली, जमिनीवरच्या आपल्या जागेकडे.

"म्हणजे आम्ही टेकायचो, ती ऊब..."

"वायरीची होती, आई."

"ह्यांना ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर तुला टेकू दिलं असतं का?"

तिने मान हलवली. वायरमन उगाच पक्कड पुसत बसला.

"मी मनाशी म्हणायची," ती शेवटी म्हणाली, "माणूस गेलं तरी भिंत गरम ठेवून गेलंय."

गिलावा वाळल्यावर तिने पहिली मोठी भाजणी लावली. सहा ट्रे. स्विच हाताला गार लागत होता. ब्रेकर पडला नाही, केक बसले नाहीत.

चहाला ती नेहमीच्या जागी बसली, कडेला सरकून. पाठ टेकली आणि पुन्हा सरळ झाली. मग शाल ओढून परत टेकली.

"बघ बरं मोजून," ती म्हणाली.

मी थर्मामीटर तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर धरलं. भिंत चोवीस अंश. खोली चोवीस अंश.